तिघांसमोर बोलणे : लहान लाइव्हचा रूपविचार

ट्विच या प्रक्षेपण-मंचाने एप्रिल 2017मध्ये नवख्या स्ट्रीमरसाठी ‘अफिलिएट’ नावाची पहिली पायरी बांधली. तिच्या मूळ अटी चार होत्या : 30 दिवसांत किमान 500 मिनिटे प्रक्षेपण, ते 7 वेगवेगळ्या दिवशी, 50 अनुयायी, आणि सरासरी 3 प्रेक्षक. शेवटची अट वाचून हसू येते. एक मित्र, एक मावसभाऊ आणि स्वतःचाच दुसरा फोन, झाले तीन. पण जे प्रत्यक्ष लाइव्ह येतात त्यांना विचारले तर कळते की पहिल्या तीन अटी पंधरवड्यात उरकतात आणि चौथी महिनोन्‌महिने अडून बसते. मित्र दोनदा येतो, मावसभाऊ एकदा. एखादा माणूस बोलतो आहे आणि आपण त्याच्यासमोर तासभर बसून राहावे, असे तिघांना रोज वाटणे ही सोपी गोष्ट नाही.

या लेखात मला त्या तिघांविषयी आणि त्यांच्यासमोर बोलणाऱ्याविषयी लिहायचे आहे. लाइव्हबद्दल जे लिहिले-बोलले जाते त्यात बराचसा भाग ‘चॅनेल कसे वाढवावे’ या सल्ल्यांचा असतो आणि उरलेला तरुण पिढीविषयीच्या काळजीचा. दोहोंचे गृहीतक एकच : लहान लाइव्ह म्हणजे मोठ्या लाइव्हची कच्ची अवस्था. हे मला मान्य नाही. वीस-पंचवीस माणसांपुढचे लाइव्ह हे स्वतंत्र रूप आहे, त्याचे निकष वेगळे आहेत, आणि प्रेक्षक वाढले की ते मोठे होत नाही. ते संपते आणि त्याच्या जागी दुसरेच काही सुरू होते.

गेले वर्षभर मी पन्नासच्या आत प्रेक्षक असलेली, मुख्यतः मराठी बोलणाऱ्यांची लाइव्ह नेमाने पाहत आलो आहे. मोबाइलवर खेळ खेळणारी मुले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कॅमेऱ्यासमोर बसून करणारे, पेटी शिकवणारे एक निवृत्त शिक्षक. ही माणसे बोलतात सार्वजनिक जागी, पण ओळखीच्या चार जणांशी बोलावे तशी. म्हणून इथे कुणाचे नाव घेत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात या रूपाचे एक मर्म सापडते. 1996 साली पेनसिल्व्हेनियातल्या जेनिफर रिंगली या विद्यार्थिनीने आपल्या खोलीत वेबकॅम लावला आणि 2003च्या अखेरपर्यंत जगाला आपले रोजचे जगणे दाखवले. मार्च 2007मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जस्टिन कानने टोपीला कॅमेरा बांधून चोवीस तास स्वतःचे प्रक्षेपण सुरू केले. त्याचे आणि त्याच्या तीन साथीदारांचे ‘जस्टिन.टीव्ही’ ते हेच. कल्पना अशी की जगणे हाच कार्यक्रम. कानचे स्वतःचे चोवीस तास काही महिन्यांत आटोपले. त्याच वर्षी साइट इतरांसाठी खुली झाली, आणि पुढे वाढला तो त्यातला खेळांचा विभाग. तो जून 2011मध्ये ‘ट्विच’ म्हणून वेगळा निघाला, ऑगस्ट 2014मध्ये मूळ जस्टिन.टीव्ही बंद झाली आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने ट्विच सुमारे 97 कोटी डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले.

व्यवहाराचा भाग बाजूला ठेवला तर यातून दिसते ते असे : नुसते जगणे दाखवून भागत नाही, हाताला काम लागते. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही हे आपल्याकडे म्हणीइतके जुने आहे. डोळे आणि हात कशात तरी गुंतले की बोलणे मोकळे होते, आणि ऐकणाऱ्यालाही सतत बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसण्याचा संकोच राहत नाही. खेळ हे निमित्त आहे. टी. एल. टेलर यांच्या ‘वॉच मी प्ले’ (2018) या ग्रंथाचा भर खासगी खेळण्याचे सार्वजनिक रंजनात रूपांतर कसे होते यावर आहे. मोठ्या चॅनेलांना ते वर्णन चपखल बसते. लहान लाइव्हमध्ये मात्र बहुधा उलटे घडताना दिसते. तिथे खेळ मागे सरकतो. मुलगा हरतो, तिकडे कुणाचे लक्ष नसते, कारण चॅटमध्ये कुणाच्या तरी बहिणीच्या बारावीच्या निकालाचा विषय निघालेला असतो.

आता रूपाकडे. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे हा लहान लाइव्हचा सर्वांत अवघड आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग. समोर कुणी नसते. आकडा शून्यावर असतो. अनुभवी लोकांचा सल्ला असा की तरीही बोलत राहा, कारण पहिला येणारा शांतता ऐकून परत जाईल. मग स्ट्रीमर स्वतःच्या कृतीचे धावते वर्णन करतो : आता इथून खाली उतरू, या घरात कुणी तरी असणार, थांबा, आधी औषध घेतो. नाटकातल्या स्वगताशी याची तुलना सुचते, पण ती फसवी आहे. स्वगत म्हणणारे पात्र कुणी ऐकत नाही असे मानते आणि सारे सभागृह ते ऐकत असते. इथे बोलणारा कुणी तरी ऐकते आहे असे मानतो आणि ऐकत कुणीच नसते. ‘थांबा’ हे आज्ञार्थी अनेकवचन रिकाम्या खोलीला उद्देशून असते. हे निभावणे हे कौशल्य आहे, आणि ते ज्याला साधते त्याच्या आवाजात पहिला प्रेक्षक आल्यावर फरक पडत नाही. ज्याला साधत नाही त्याचा आवाज एकदम चढतो, आणि येणाऱ्याला रिकाम्या दुकानात शिरल्यासारखे अवघडते.

श्रोत्याला उद्देशून बोलण्याची आपली परंपरा मोठी आहे, आणि ज्ञानेश्वरी हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. इतरत्र श्रोत्यांच्या मनात काय आले असेल ते बोलून दाखवतात, गुरूंचा इशाराही ओवीत आणतात. म्हणजे श्रोता ग्रंथात शिरतो तो वक्त्याच्या तोंडून. थोरामोठ्याशी लहान गोष्टीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा रचनेचा आहे. चॅटमध्ये कुणी काही टंकले म्हणून ते लाइव्हचा भाग होत नाही. स्ट्रीमरने ते मोठ्याने वाचले की होते. चांगला स्ट्रीमर आधी प्रश्न वाचतो, मग उत्तर देतो. त्यामुळे बाकीच्यांना आपणही त्या बोलण्यात बसल्यासारखे वाटते. कच्चा स्ट्रीमर नुसतेच ‘हो, कालच घेतला’ म्हणतो आणि काय घेतला ते एकालाच कळते. माझ्या लेखी लहान लाइव्हचा हा पहिला निकष आहे. कॅमेरा कुठला, प्रकाश कसा, पाटीवरची अक्षरे किती सुबक, हे सगळे यानंतर येते.

दुसरी गोष्ट उशिराची. बोललेला शब्द प्रेक्षकापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. यूट्यूबवर हा उशीर साधा, कमी आणि अतिकमी असा निवडता येतो. कमी केला तर चित्र अडकण्याचा धोका वाढतो. त्यावर टंकायला लागणारा वेळ. ‘डावीकडे जाऊ की उजवीकडे?’ असे विचारणाऱ्या मुलाचे पात्र उत्तर यायच्या आत मरून पडलेले असते, आणि मग चॅटमध्ये ‘डावीकडे’ हा शब्द उमटतो. गोष्ट सांगताना हुंकार हवा असे आपण म्हणतो. इथे हुंकार मिळतो, पण वाक्य संपून गेल्यावर. या उशिराचे काय करायचे यावर स्ट्रीमरची जात ओळखता येते. बहुतेक जण तो बडबडीने भरतात. मी उल्लेख केलेले पेटीचे शिक्षक ‘हा कुठला स्वर?’ असे विचारतात आणि भाता हलवत तोच स्वर धरून ठेवतात, कुणाचे तरी उत्तर येईपर्यंत. पंधरा सेकंद, कधी वीस. तेवढा वेळ सगळे त्या एका स्वरात बसून असतात. मी पाहिलेल्या लाइव्हमधले हे सर्वांत चांगले क्षण, आणि ते तंत्रातल्या दोषातून निघालेले आहेत.

तिसरी गोष्ट नावाची. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचली जात, गाव, आई-बाबा, शेजारची ताई, सगळे त्यात. गाणे सर्वांना पाठ असे, रेडिओ लावला जाई तो नाव ऐकण्यासाठी. लाइव्हमध्ये नाव वाचणे ही तीच क्रिया, फक्त पोस्टकार्डाचे आठवडे जाऊन सेकंद उरले. पण एक नवी अडचण आली, आणि ती खास मराठीची आहे. चॅटमधले नाव म्हणजे आकडे आणि अधोरेखा जोडलेले टोपणनाव. त्यावरून बाई की पुरुष, लहान की मोठे, काहीच कळत नाही. इंग्रजीत याने अडत नाही. मराठीत ‘कधी आला’ एवढे विचारायलाही आलास, आलीस की आलात याचा निर्णय आधी करावा लागतो. सुरुवातीला बहुतेक जण ‘आलात’वर राहतात किंवा सरसकट ‘भावा’ म्हणून मोकळे होतात, आणि मग कधी तरी तिकडून उत्तर येते : भाऊ नाही, ताई. त्यानंतर ती त्या चॅनेलवर कायमची ताई होते. ‘आलात’पासून ‘आलास’पर्यंतचा हा प्रवास मला प्रेक्षकसंख्येच्या आलेखापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. ज्या लाइव्हमध्ये क्रियापदे बदलत गेली आहेत तिथे काही तरी घडले आहे. जिथे वर्षभराने अजून ‘तर मित्रांनो’ चालले आहे तिथे प्रेक्षक जमले असतील, श्रोता जमलेला नाही.

मुक्या प्रेक्षकांबद्दलही इथेच सांगायला हवे. आकडा सहा असतो आणि टंकणारे दोन. उरलेल्या चौघांना ‘जे बघताय त्यांनी निदान लाइक तरी करा’ असे म्हटले की त्यांतले दोन उठतात. कीर्तनाला मागच्या खांबाशी बसणाऱ्याला बुवांनी हाक मारू नये, हे शहाणपण सगळ्यांना नसते.

या नात्याला ‘परासामाजिक’ म्हणण्याची पद्धत आता रूढ आहे. ही संज्ञा डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल यांच्या 1956च्या निबंधातली. रेडिओ-दूरचित्रवाणीवरचा निवेदक जणू आपल्या एकट्याशी बोलतो आहे असे प्रेक्षकाला वाटते, प्रत्यक्षात नाते एकतर्फी असते, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकी रेडिओवरच्या ‘लोनसम गॅल’ या कार्यक्रमाचे त्यांनी केलेले विवेचन आजही वाचण्यासारखे आहे : एक बाई, एक आवाज, आणि तो आपल्यासाठीच आहे असे मानणारे असंख्य पुरुष. लाखो अनुयायी असलेल्या स्ट्रीमरला हे तंतोतंत लागू पडते. पण बारा माणसांच्या लाइव्हला हाच शब्द लावणारे अभ्यासक चुकतात असे मला वाटते. तिथे स्ट्रीमरला कोण आले आणि कोण आठवडाभर आले नाही हे ठाऊक असते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीच्या लाइव्हमध्ये मी ‘तो पालघरचा दिसला नाही दोन दिवस’ हे वाक्य ऐकले आहे. एकतर्फी नात्यात असे वाक्य संभवत नाही. इथली विषमता वेगळी : चेहरा एकाचाच दिसतो. पण वाट दोन्हीकडून पाहिली जाते.

आता वाढीकडे. ट्विचवर एखाद्या खेळाखाली लाइव्हची यादी मुळात प्रेक्षकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लागत आली आहे. ज्याच्याकडे गर्दी तो वर, ज्याच्याकडे तीन तो शेकडो नावांच्या तळाशी. म्हणजे पाहणाऱ्याला शोधावे लागते, सापडणे आपोआप होत नाही. म्हणून जाणकार सांगतात की लाइव्हमधून लाइव्ह वाढत नाही. छोट्या ध्वनिचित्रफिती दुसरीकडे टाका, तिथून माणसे आणा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी या, फार गर्दीचा खेळ निवडू नका आणि अगदी ओसाडही नको, प्रेक्षकांचा आकडा झाकून ठेवा. सल्ला खरा आहे. शेवटचा तर मोलाचा आहे, कारण डोळा आकड्यावर असलेला माणूस बोलताना ओळखू येतो.

पण ही सगळी धडपड ज्या दिशेने जाते तिथे काय आहे? ट्विचवर ‘पार्टनर’च्या वाटेवरची अट सरासरी 75 प्रेक्षकांची. तीन ते पंचाहत्तर यांमधल्या पट्ट्यात, माझ्या मते, हे रूप जगते. त्यापुढे चॅट सरकू लागते. 2014 साली हॅमिल्टन, गॅरेटसन आणि कर्न या संशोधकांनी ट्विचच्या अभ्यासात हेच दाखवले : लाइव्ह आधी लोकांना एकत्र आणते आणि मग वाढीबरोबर सहभागच अशक्य होत जातो, मोठ्या चॅटमध्ये शब्दांचा धबधबा होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘ट्विच प्लेज पोकेमॉन’ या प्रयोगात एकाच खेळाला चॅटमधून आज्ञा देण्यासाठी एका वेळी लाखावर लोक जमले. गंमत मोठी होती. पात्र भिंतीवर डोके आपटत फिरत होते आणि सोळा दिवसांनी खेळ पुरा झाला. तिथे प्रत्येकाच्या आज्ञेला जागा होती आणि कुणाच्याही शब्दाला नव्हती. मोठ्या लाइव्हला कमी लेखण्याचा प्रश्न नाही, ते वेगळे आहे एवढेच. तमाशात ढोलकी-फड आणि संगीतबारी हे भेद आपण जाणतो. फड तंबूत, जत्रेत, हजारोंपुढे उभा राहतो, त्याला वग लागतो, सोंगाड्या लागतो. संगीतबारी थोडक्यांपुढे, बैठकीच्या अंतरावर. लावणी दोन्हीकडे आहे, पण संगीतबारी मोठी केली की फड होतो असे कुणी म्हणत नाही.

संगीतबारीचे नाव घेतले की दौलतजादा आलीच. श्रोता नोट पुढे करतो, त्याचे नाव पुकारले जाते, चालू गाणे थांबते किंवा त्याच्या फर्माइशीकडे वळते. यूट्यूबने जानेवारी 2017मध्ये ‘सुपर चॅट’ आणले त्याची रचना हीच. पैसे भरले की तुमचे वाक्य रंगीत पट्टीत वर चिकटते. रक्कम जितकी मोठी तितका रंग भडक आणि मुक्काम लांब. स्ट्रीमर हातातले सोडून नाव घेतो. दौलतजादेने गाणे मोडते ही जुनी तक्रार इथे जशीच्या तशी ऐकू येते.

आणि इथे लहान लाइव्हची बाजू घेणाऱ्याला, म्हणजे मला, थांबावे लागते. संगीतबारीतली जवळीक ही तिथल्या कलावंत स्त्रियांच्या कोंडीपासून, त्यांच्या जातीपासून वेगळी काढता येत नाही. थोडे श्रोते म्हणजे एकेका श्रोत्याचे वजन जास्त. दहा हजारांत पाचशे रुपये देणारा हरवतो. चौदा जणांत पाचशे देणारा मालक होतो. तो ठरवतो आज कुठला खेळ, किती वाजेपर्यंत. बायकांच्या लाइव्हमध्ये हे लवकर आणि उघड दिसते : कॅमेरा जवळ घ्या, दुसऱ्याशी का बोललात, काल का आला नाहीत. ‘काल का आला नाहीत’ हे वाक्य आणि वरचे पालघरच्या मुलाबद्दलचे वाक्य यांची भाषा जवळजवळ सारखी आहे. एकामागे आस्था आहे, दुसऱ्यामागे पावती. फरक फक्त लाइव्ह नेमाने पाहणाऱ्याला कळतो. अशा वेळी मॉडरेटरचे काम, म्हणजे चॅटमधून कुणाला बाहेर काढायचे ते, बहुधा सुरुवातीच्या तिघांपैकी कुणाकडे तरी असते. त्याच्या न दिसणाऱ्या कामावर लहान लाइव्हची चव अवलंबून राहते, आणि समीक्षेने त्याचीही दखल घेतली पाहिजे. मोठ्या लाइव्हमध्ये स्ट्रीमर गर्दीमुळे सुरक्षित असतो हेही इथे मान्य करतो. लहान रूप चांगले असते तेव्हा फार चांगले असते, पण ते सोज्वळ नसते.

राहिला प्रश्न भाषेचा, आणि या अंकाच्या वाचकाला तो जवळचा वाटेल. खेळणाऱ्या मुलांच्या लाइव्हमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. रिकाम्या खोलीशी ती हिंदीत बोलतात : ‘तो गाइज, आज हम...’ अनोळखी प्रेक्षक हा हिंदी असणार असे धरून. मग कुणी ओळखीचा येतो, ‘जेवलास का?’ टंकतो, आणि बोलणे कोल्हापुरी किंवा वऱ्हाडीत उतरते. त्यात शिवी येते, थट्टा येते, वेग येतो. खेळाचे इंग्रजी शब्द मराठी प्रत्यय लावून बिनदिक्कत फिरू लागतात. मग आकडा तीसवर जातो, दोन अनोळखी नावे दिसतात, ‘हिंदी प्लीज’ अशी विनंती येते आणि मराठी मागे हटते. काही मुले हटवत नाहीत. त्यांचा आकडा त्याच ठिकाणी राहतो. वाढीचा सल्ला देणारा त्यांना हट्टी म्हणेल. सल्ल्याच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण मराठीत पूर्वतयारीशिवाय, दोन-दोन तास, पंचविशीतला माणूस मोठ्याने बोलतो आहे आणि लोक ऐकत बसले आहेत, अशा जागा आज किती उरल्या आहेत? ही मराठी व्याख्यानाची नाही, वाहिनीवरच्या चर्चेचीही नाही. तिचे वाक्य मध्येच तुटते, चॅटमधल्या शब्दाला धरून पुन्हा उभे राहते. बोलभाषेच्या अभ्यासकाने तिथे जाऊन बसावे असे ते आहे.

त्याने लवकर जावे हे बरे. ट्विचवर साध्या स्ट्रीमरचे प्रक्षेपण काही दिवसांतच पुसले जाते; पार्टनरचे जास्त दिवस टिकते. म्हणजे जतनही प्रेक्षकसंख्येप्रमाणेच. यूट्यूबवर चित्रफीत राहते, पण बहुतेक मुले कमी प्रेक्षकांची लाइव्ह स्वतःच काढून टाकतात, चॅनेल ‘रिकामे दिसू नये’ म्हणून. मी पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आज उपलब्ध नाहीत. पेटीच्या शिक्षकांची मात्र सगळी आहेत, कारण ती कशी पुसायची हे त्यांना अजून कुणी दाखवलेले नाही.